सागाची अक्षरं

"हे नोको. हेबी राहू दे," म्हणत बाबांनी मी आणलेली दोन्ही पुस्तकं पाटीसकट माझ्याकडे सरकवली.

मी बघतच राहिले. आलापल्लीहून लाकूड न्यायला निघालेल्या बैलगाडीत बसून, हाडं खिळखिळी करून घेत मी ते सगळं आणलं होतं! माझ्या धाकट्या बहिणीची, सुकरीची, पहिली इयत्ता घरीच करायची होती, आणि सातवीतली वच्छला, म्हणजे मी, सुट्टीसुट्टीला येऊन शिकवणारी तिची मास्तरीण. औंदा आपला चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, आता पुस्तकं बदलणार म्हणे. मग जुनं घ्यावं की नव्याची वाट बघावी? विचारून विचारून मी गुरुजींचं डोकं उठवलं. शेवटी जुनी दोन घेतली, मोजायला चिंचोके घेतले, आणि कविता म्हणायला माझा गळा होताच.

खरं सांगू? मला सुकरीचा हेवा वाटत होता. बाबा आराकस, आरा म्हणजे मोठी करवत ओढून लाकूड चिरणारे. दिवाळीपासून पावसापर्यंत जिथं सागाची तोड चालते त्या कूपात झोपडी बांधून राहायचं, दर साली नवी जागा. सुकरीएवढी होते तेव्हा मला शाळेसाठी आलापल्लीला मामाकडे धाडलं. गाडीची दांडी धरून मी किंचाळत होते म्हणे. आणि सुकरी? ती मजेत बाबांच्या मांडीवर बसून शिकणार!

"मंग शिकवू कशानं? बोटानं?"

बाबांनी कोपऱ्यातलं गाठोडं सोडलं. आतून सागाची अक्षरं निघाली. वीतवीतभर, काचेनं घासलेली, तेल पाजलेली. सुकरीनं झडप घालून 'अ' गालाला लावला.

"माहे हायेत! बाई, तू हात नोको लावू."

मला मामाच्या पोराची फुटकी पाटी. हिला दिवसभर आरा ओढून आल्यावर कोरलेली अक्षरं!

"मले त कधी काडीबी नाई दिली घासून," मी म्हणाले. "मले धाडलं, हिले काऊन ठेवलं? हे लाडाची, आन् मी का रस्त्यावर सापडली होती?"

"वच्छे!" माय चुलीपासून ओरडली. "सातवीत गेली त शिंगं फुटले काय तुले?"

बाबा रागावले नाहीत. त्यांनी एक अक्षर माझ्यापुढं धरलं. "पाय बरं, हे इ उलटी त नाई झाली?"

उलटी नव्हती. पण तिची शेपटी खाली घसरतच गेली होती.

"अशी इ कुठी असते का, बाबा? कोणाचं पाहून केली?"

त्यांनी हनुवटीनं दाराचा खांब दाखवला. आल्यापासून मी त्यालाच टेकून बसले होते. उठून पाहिलं तर कमरेच्याही खाली, खिळ्यानं ओरखडलेली अक्षरं. पहिल्या सुट्टीत आले होते तेव्हाची, माझी! इ काढताना खिळा निसटला होता तो निसटलाच.

"पण ते झोपडी त नदीपल्याड होती..."

"साऱ्या झोपड्या तिथंतिथंच रायते," माय म्हणाली. "हा खांब तेवढा गाडीत घालते तुहा बाप. रायते सागाच्या जंगलात, आन् गावोगाव लाकूड वागवते! लोक हासतेत."

बाबा तळहातावरचा भुसा झाडत राहिले. मग म्हणाले, "तुले धाडलं तवा लई दिस आरा सरळ चालला नाई. आऱ्याचा जोडीदार मले म्हणे, 'इस्तारी, मी दुसरा माणूस पायतो.' एक डाव झालं ते झालं, पोरी. आता नाई होत माह्याच्यानं."

म्हणजे सुकरी घरी राहिली ती माझ्यामुळं. हे ऐकून आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण मी गेले होते ती गेलेच होते ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात शाळा भरवली. सागाची इ बघून सुकरीनं धुळीत काटकीनं इ काढली. शेपटी ओढता ओढता ती उठून चालायलाच लागली. मी दुरुस्त करायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

परतीची गाडी जुंपली तेव्हा ती शेपटी पार वाटेपर्यंत आली होती. बाबा माझी पिशवी घेऊन मला पोचवायला निघाले. रेघ पायाखाली येऊ नये म्हणून ते कडेकडेनं चालत होते.