सात ओळींचं वय

मी एक जुनं फंक्शन आहे, मित्रांनो, म्हणजे एकच काम करणारा प्रोग्रामचा छोटा तुकडा. उंची सात ओळी, मुक्काम जनावरांच्या दवाखान्यातला संगणक. तुम्ही मला पाहिलेलं नाही. पण या दवाखान्यात कधी मांजर घेऊन आला असाल, तर माझं काम तुमच्या खिशात आहे.

त्याचं असं आहे. इथल्या सगळ्या नोंदी एक्सएमएलच्या फायलीत राहतात. नाव एका कप्प्यात, जन्मतारीख दुसऱ्यात. तिथून त्या उचलून लसीचं नीटनेटकं कार्ड मांडायचं, हे साच्याचं काम. साचा म्हणजे आमचं स्टाइलशीट. मांडामांडीत त्याचा हात धरणारं कोणी नाही. पण जन्मतारखेवरून वय काढ म्हटलं की त्याला घाम फुटायचा. कुठला महिना तीसचा, कुठला एकतीसचा, फेब्रुवारीचं तर विचारूच नका.

डॉक्टरांच्या ताई प्रोग्रामर. एका दुपारी, चहा निवेपर्यंत त्यांनी मला लिहिलं आणि साच्याच्या पोटातच बसवलं. साच्याच्या स्वतःच्या फंक्शनांत माझी गल्लत होऊ नये म्हणून 'घरचं' असं आडनावही लावलं. साचा जन्मतारखेशी पोचला की मला हाक मारी, आणि मी 'दोन वर्षं तीन महिने' असं उत्तर देई. फक्त मी कोण, कशासाठी, हे मात्र ताईंनी माझ्या वर कुठेच लिहिलं नाही. चहा निवत होता.

वर्षं सुखात गेली. कार्ड पाहून लोक साच्याला नावाजत. जेवण चांगलं झालं की ताटाचं कौतुक करावं, तसं. मला वाईट वाटलं नाही. सात ओळींत रुसायला जागा नसते.

मग डॉक्टरांच्या जावयांनी नवा संगणक आणला आणि त्यावर साचा चालेना. नवी यंत्रणा साच्यातली स्क्रिप्ट, म्हणजे माझ्यासारखे तुकडे, परवानगीशिवाय चालू देत नसे. तिचंही चूक नव्हतं. परक्या साच्यातलं फंक्शन कोणाच्या फायलीही पुसू शकतं. परवानगीला एक खूण पुरली असती. जावईबापूंनी त्याऐवजी मला शेऱ्याच्या दोन खुणांमध्ये बंद केलं. त्या खुणांमधलं काही संगणक वाचतच नाही. म्हणजे मी दिसतो सगळ्यांना, ऐकू कोणालाच येत नाही.

"त्या ओळींचं काय काम होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही हो बाबा. चालू वर्षातून जन्माचं वर्ष वजा केलं की झालं. एका ओळीत भागतं."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक बस ड्रायव्हर स्वतःच्या टोपीत मांजराचं पिल्लू घेऊन आला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बसच्या सीटखाली जन्मलेलं. काउंटरवर दवाखान्यातल्या मदतनीस मावशी होत्या. कार्ड मोठ्याने वाचल्याशिवाय त्या कोणाच्या हातात देत नाहीत. डॉक्टर या सवयीला वैतागलेले आहेत.

"वय, एक वर्ष," मावशींनी वाचलं. ते ऐकून आतल्या खोलीत डॉक्टरांनी मोठ्या मांजराची लस भरायला घेतली.

मावशींनी टोपीत पाहिलं. "डॉक्टर, थांबा जरा. याचे डोळे आत्ता कुठे उघडलेत."

"कार्डावर काय आहे?"

"कार्डाला काय होतंय? सुई याला टोचायची आहे."

डॉक्टर बाहेर आले. टोपीत पाहिलं, सुई ठेवली आणि ताईंना फोन लावला.

ताई आल्या, खुर्चीत बसल्या, मला शोधलं. "पुसलं नाहीत, हे उपकार. पण जावईबापू, विचारायचं तरी."

"वर काही लिहिलेलं नव्हतं, आत्या."

"हेही खरं," ताई म्हणाल्या.

त्यांनी खुणा काढल्या आणि आमच्या एकट्या साच्याला परवानगी दिली. परक्यांना दार बंदच. नवं कार्ड निघालं.

"वय, पंधरा दिवस," मावशींनी वाचलं. "लस नको. दूध पाजा आणि टोपी धुऊन घ्या."

मग ताईंनी माझ्या वर तीन ओळी लिहिल्या. पहिलीत माझं काम. दुसरीत माझी जन्मतारीख. मित्रांनो, इतकी वर्षं गावभरच्या मांजरांचं वय सांगितलं, स्वतःचं कधी कळलं नव्हतं. लगेच मोजलं. अकरा वर्षं चार महिने.

तेव्हा एवढंच सांगणं: कोणाला कामाला लावाल तर त्याच्या वर एक ओळ लिहून ठेवा, आणि कोणाचं तोंड बंद करायच्या आधी ती ओळ वाचा. तीही मोठ्याने. माझी तिसरी ओळ अशी आहे: 'हात लावण्याआधी मावशींना विचारा.'

मावशींना प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण टोपीत डोकावतात त्याच.