हवेचं पाणी

मानपाड्याच्या आसपास तुळसाबाईच्या धवल्याशिवाय कुणाला हळद लागली नव्हती. आगऱ्यांच्या लग्नात भट उशिरा आला तरी निभतं, धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी धवलारीण वेळेवर हवी. आणि चाळीस वर्षं ती धवलारीण तुळसाच. आज तर तिच्या नातीची, निशाची हळद. सकाळपासून पदराच्या गाठीत गुळाचा खडा बांधून तुळसा गळा जपत बसली होती.

तेवढ्यात तिचा लेक, निशाचा बाप नयन दुधाच्या कॅनसारखी टाकी घेऊन मांडवात आला.

"यात काय रं?"

"हवा, आये. पातळ केलेली."

नयन ज्या गॅसच्या कंपनीत ऑपरेटर होता, ती त्यांच्याच भाताच्या खाचरांवर उभी होती. "आधी हवा दाबायची. दाबली की तापते, मग ती निववायची. मग बारीक भोकातून एकदम मोकळी सोडायची, की आपोआप गारठते. तिच्या गारठ्यानं मागची हवा गार करायची. असं फिरवत राहिलं की शेवटी पाणी होऊन ठिबकते."

"म्हंजी दाबा, निववा नि मोकलं सोडल्यासारखं करा. सुनांना आम्ही आनखी काय केलं? पन आमाला पगार नाय मिलाला."

बायका हसल्या. नयनची बायको भावना तेवढी हसली नाही.

निशा आली. तुळसानं खाकरून सूर धरला.

"आजी, थांब ना. आधी एंट्री."

नयननं टाकी मांडवात ठेवलेल्या मोठ्या कढईत ओतली. गुडघाभर पांढरा धूर पसरला, डीजे घुमला, मोबाईल वर झाले. धुरातच मैत्रिणींनी निशाला हळद फासली. हळद लागली. धवल्याविना.

"आता म्हणा आई," भावना गोड आवाजात म्हणाली. "दोनच ओळी. व्हिडिओत टाकू."

तुळसानं सुनेकडे पाहिलं. सुनेवरचा पंचवीस वर्षांचा दाब त्या दोन ओळींत मोकळा झाला होता, आणि गार लागत होता.

ती उठून कढईवर वाकली. कढईला बाहेरून बर्फ चढलेला, आतून ठणठणीत कोरडी.

"हात नको लावू आये, कातडी सोलेल."

"पानी व्हतं म्हनलास ना? वल पन नाय ठेवली."

"उडालं. हवाच ती."

"मग माजा धवला पन तिकरंच गेला म्हन."

तिनं गाठ सोडली आणि गुळाचा खडा कढईत टाकला. टण्ण झालं. निशाच्या हळदीत तुळसाचा तेवढाच आवाज झाला.