सरळ ज्योत

"अहो, आता तुमचा हात येणार ना?" रूबीने अंधारात विचारलं.

"हळू बोल," गर्शोम म्हणाले खरे, पण तेही खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते.

पडद्यावर, पुढे नामांकित गुप्तहेर होणारा मुलगा अजून आठवीतच होता. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याला एक कोरा कागद सापडला होता. ती प्रयोगशाळा पनवेलचीच, गर्शोम यांची! एकतीस वर्षं तिथल्या परीक्षानळ्या त्यांनी धुतल्या होत्या. पुढच्या महिन्यात दोघं मुलाकडे इस्रायलला निघणार होते, कायमचे. जाण्याआधी इथे आपलं काहीतरी राहावं, एवढीच हौस होती.

"काका, हात दिसला की मी शिट्टी मारणार. आधीच सांगून ठेवते," दहावीतली चारुता पलीकडून म्हणाली. प्रॅक्टिकलला गर्शोम यांचा सगळ्यात जास्त ओरडा तिनेच खाल्ला होता. "वात वाकडी कापलीस गं! ज्योत धूर सोडेल, पोरी!"

शूटिंग नेमकं शनिवारी आलं होतं. त्यांचं काम एवढंच, स्पिरिटच्या दिव्याला काडी लावायची; दिसणार फक्त हात.

"शनिवार आमचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशी मी आग पेटवत नाही, साहेब. शनिवारची तयारी मी शुक्रवारीच करून ठेवतो. शाळेत कुणालाही विचारा," गर्शोम यांनी दिग्दर्शकाला सांगितलं होतं.

साहेबांनी त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा तरी हात कॅमेऱ्यात घेतला. रविवारी मात्र गर्शोम यांना बोलावून त्यांचाही घेतला. "काका, चांगला दिसेल तो ठेवू."

पडद्यावर काडी ओढल्याचा आवाज झाला. हात आला. गोरा, गुळगुळीत. अंगठ्यावर गर्शोम यांच्यासारखा ॲसिडचा डाग नव्हता.

चारुताने तोंडात घातलेली बोटं बाहेर काढली. रूबी पदराशी चाळा करत म्हणाली, "शनिवारचाच ठेवला वाटतं."

"शनिवारचाच," गर्शोम म्हणाले. मग पुढे वाकून त्यांनी डोळे बारीक केले. "ज्योत बघ."

"काय झालं ज्योतीला?"

"काही नाही झालं. सरळ आहे."

शूटिंगच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, शाळेतून निघताना त्यांनीच वात कापून, स्पिरिट भरून दिवा टेबलावर ठेवला होता. पडद्यावरच्या पोराने तो कोरा कागद ज्योतीवर धरला. त्यावर तपकिरी अक्षरं उमटू लागली. कागदाला कुठेही काजळी धरली नाही.

चारुताने गर्शोमकाकांकडे पाहिलं, मग पडद्याकडे. आणि दोन बोटं तोंडात घालून तिने जी शिट्टी मारली!

पुढच्या रांगेतली माणसं चिडून मागे वळली. पडद्यावर तेव्हा कुणीच नव्हतं. नुसता एक दिवा जळत होता.