बरणीतला चोर

मी गेंडा भुंगा बोलतोय, वरच्या मजल्यावरच्या खिडकीतल्या काचेच्या बरणीतून. मरून वाळलोय, पण आज जे पाहिलं त्याने मेलेल्यालाही वाचा फुटावी.

माझं बालपण खताच्या ढिगात गेलं. पंख फुटले तसा खिडकीसमोरच्या नारळाच्या शेंड्यात घुसलो आणि कोवळा गाभा खाल्ला. खोटं कशाला बोलू? पण आमचं खाणं उघड असतं. नवं पान उलगडलं की कात्रीने कापल्यासारखं दिसतं. या घरचे आबा म्हणजे निवृत्त वायरमन. त्यांनी ते बरोबर हेरलं. शिडी लावली आणि तारेच्या आकडीने मला ओढून काढलं.

"सूनबाई, पकडला बघ चोर! शिंग तरी बघ मेल्याचं!"

मी पाडलेलं भोक बुजवायला त्यांनी औषध मिसळलेल्या वाळूचं डबडं वर नेलं होतं. मला मिरवायच्या नादात ते शिडीवरच राहिलं.

दुसऱ्याच दिवशी खिडकीत सोंड्या भुंग्याची मादी येऊन बसली. माझ्याहून लहान, तांबूस, शिंग नाही, नुसती नाजूक सोंड. सूनबाई विरघळलीच. "अगंबाई, किती गोड! जा, उडून जा."

ती उडाली ती थेट माझ्या भोकात. तिथे तिने अंडी घातली.

मी काचेवर शिंग आपटून आपटून मेलो. पुढे तिच्या अळ्यांची करकर तेवढी ऐकत राहिलो. बाहेरून पानं हिरवीगार, नारळ लगडलेले, आत नुसता भुसा. आणि त्याच झाडाखाली खुर्ची टाकून आबा रोज दुपारी डुलकी काढायचे! मला सांगताही येत नव्हतं.

आज दुपारी व्याही आले. आबांना राहवतंय होय? खुर्चीतून उठून ते त्यांना तडक वर घेऊन आले, बरणी हातात घेतली. "हा बघा आमच्या झाडाचा काळ. आता झाडाला धोका नाही!"

तेवढ्यात कडाड्‌कन आवाज झाला. वाऱ्याची झुळूकही नव्हती. नारळांसकट अख्खा शेंडा खिडकीसमोरून खाली गेला आणि खुर्चीचा चुराडा झाला.

सूनबाई धावत आली, आबांना चाचपून पाहिलं आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

"आत्ता... आत्ता तुम्ही खुर्चीत होतात ना हो?"

फुशारकीने कुणाचा जीव वाचलेला मी पहिल्यांदाच पाहिला. माणसांनो, मला खुशाल चोर म्हणा, बरणीत घाला, पाहुण्यांना दाखवा. पण मला बाहेर काढलंत की आधी ते भोक बुजवा, मग शिडी उतरा.