रिंग वाजली तरच

शहरात कामाला असलेल्या शेखरने घेऊन दिलेला मोबाईल वैशाखरे गावातल्या घरी पडवीतल्या खुंटीला टांगलेला असे, कारण रेंज तेवढ्याच जागी यायची. पहिल्याच महिन्यात त्याच्या वडिलांनी, कोंडूबाबांनी, कसलंसं बटण दाबलं, फोनला गाणं चिकटलं आणि बॅलन्स सफाचट झाला. तेव्हा शेखर चिडून म्हणाला होता, "पीप वाजली का कंपनीचा मेसेज समजायचा, बाबा. काय दाबायचं नाय. रिंग वाजली तरच उचलायचा." बाबांना एकदा सांगितलं की ती काळ्या दगडावरची रेघ.

पुढे फ्लूची साथ आली. शेखरची आई हिराबाई जुनी दमेकरी. मुरबाडच्या डॉक्टरांनी बजावलं, हिच्या छातीला हा ताप झेपायचा नाही. लस आली की मोबाईलवर कळवतो, लगेच घेऊन या. झालं, त्या दिवसापासून बाबांनी पडवी सोडली नाही. शेतावर गडी लावला आणि स्वतः फोनखाली बसून राहिले. मुरबाडहून येणाऱ्या जीपवाल्यालाही विचारायचे, डॉक्टरांनी काही निरोप दिलाय का. रिंग काही वाजली नाही. ताप मात्र आला, आणि आठवडाभरात हिराबाईला घेऊन गेला.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, तरी बाबांचा डॉक्टरांवरचा राग निवेना. एवढा शिकलेला माणूस, पण गरिबाची आठवण ठेवली नाही, असं ते येईल त्याला सांगत होते. शेखरने ऐकता ऐकता फोन हातात घेतला आणि सहज मेसेज उघडले. गाण्यांच्या जाहिरातींमध्ये दवाखान्याचेही होते, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. लस आली आहे, हिराबाईंना आणा. हिराबाई अजून आल्या नाहीत. शेवटच्यात होतं, लस संपत आली, तुमची एक बाजूला ठेवली आहे.

आई गेली ती आपल्या शहाणपणापायी, हे शेखरला लख्ख कळलं.

"काय लिवलंय रे?" बाबांनी विचारलं.

खरं सांगावं, तर म्हातारा उरलेला जन्म स्वतःला कोसत काढणार. शेखर म्हणाला, "कंपनीचेच हायत."

"मी एक बटन दाबलं नाय. तू सांगितलंस तसं."

शेखर मान खाली घालून एकेक मेसेज पुसत राहिला. बाबा उठून जवळ आले आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कंपनीचे हायत, तर मंग तू रडतोस कशाला रे?"