ओठांना लावलेला पेला

माघातल्या दुपारी रे रोडच्या लाकडाच्या वखारींतली करवत थांबली, की भुशाचे कण उन्हात बराच वेळ तरंगत राहतात. त्या तांबूस, लाकूडगंधी उजेडात मला हटकून शालन दिसते: कुणाच्या तरी उंबऱ्यावर ऐसपैस बसलेली, मान किंचित मागे टाकलेली, स्टीलचा पेला दोन्ही हातांनी धरून ओठांना लावलेला, आणि पाणी संपल्यावर गळ्यातून उमटणारा तो तृप्त हुंकार. पाणी ते काय, सामायिक नळाचं, कोमट. पण ही बाई ते असं प्यायची की पाहणाऱ्यालाही तहान लागावी. मला तहान लागत नसे, माझ्या पोटात दुखायचं.

आधीच सांगून टाकते, मी शालनचा हेवा करते. 'करत होते' असं लिहिलं असतं तर शोभून दिसलं असतं, पण निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या बाईने आता खोटं कशाला बोलायचं.

परळच्या एका चाळीत, दोन खोल्यांत आमची धर्मादाय संस्था आहे. बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरून गिरणीत लागलेल्या, गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत पाळीपाळीने वळकटी पसरणाऱ्या आमच्या आजोबांच्या पिढीने, मागून येणाऱ्यांसाठी ती स्थापन केली. गिरण्या गेल्या, वळकट्या गेल्या, आमची मुलं उपनगरांत पांगली. आणि मागून येणारे आले ते बिहारातून, बंगालातून, वखारींत ओंडके वाहायला. मग विश्वस्तांनी ठरवलं की आता त्यांच्या मुलांची शाळा पाहायची, त्यांच्या बायांसाठी शिवणवर्ग चालवायचा. अर्ज मात्र जुनाच राहिला, आणि अर्जावरचा 'राहत्या जागेचा पुरावा' हा रकानाही.

तो रकाना म्हणजे माझं राज्य. वखारीमागच्या पत्र्याच्या खोलीची भाडेपावती कोण कुणाला देतो? हे मला का ठाऊक नव्हतं! तरी फूलमती नावाच्या एका बिहारी बाईला मी तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा तिचा अर्ज शालनने आणून दिला. रकान्यात शालनच्या गोलमटोल अक्षरात लिहिलेलं: 'घरी जाऊन पाणी प्यायले. कुटुंब येथेच राहते.' खाली सही. विश्वस्तांनी तो पुरावा मान्य केला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शालन संस्थेत माझ्यानंतर दहा वर्षांनी लागलेली. डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेली, बौद्ध घरातली. सावळी, ठेंगणी, चालताना एका बाजूला झुकणारी. तिच्या हसण्यात वैशाखातल्या सावलीचा गारवा होता, आणि तिच्या गप्प राहण्यात असं काही होतं की समोरचा माणूस आपणहून बोलू लागे. एकदा डब्यातल्या शेंगा सोलता सोलता ती सहज म्हणाली, "माझ्या आजीचं मडकं गिरणीत वेगळं ठेवायचे, परबबाई. कुणाच्या घरी आपण पाणी मागितलं ना, की त्याला वाटतं, आपलंही घर आहे." आवाजात तक्रार नव्हती. मी "हो ना" म्हटलं आणि माझ्या बाटलीतलं पाणी, लहानपणापासूनच्या वळणाप्रमाणे, तोंड न लावता वरून घटाघटा प्यायले.

पुढे रे रोडलाच एक खोली घेऊन कायमचं केंद्र काढायचं ठरलं. केंद्रप्रमुख कोण, याबद्दल विश्वस्तांनी मला एकटीला बोलावून विचारलं. शालनचं नाव त्यांच्या ओठांवरच होतं, मी नुसती मान डोलावायची होती. मी म्हणाले, "मनाने सोनं आहे हो, पण कागदाला कच्ची. उद्या कुणी विचारलं, पाणी प्यायल्याचा पुरावा कुठाय, तर?" सगळे हसले, मीही हसले. प्रमुखपद मला मिळालं.

शालन माझ्याकडे पाहून म्हणाली, "बरं झालं. माझ्या गुडघ्यांना आता जिने नकोसे झालेत. अन् तुमचं अक्षरही चांगलं आहे." तिला कळलं होतं. कळूनही ती भांडली नाही, याचाच मला राग आला. भांडली असती तर आम्ही बरोबरीच्या तरी झालो असतो. महिन्याभरात ती काम सोडून बदलापूरला लेकीकडे गेली.

आणि माझं केंद्र ओस पडलं. शिवणयंत्रांवरच्या खोळी निघेनाशा झाल्या. बाया दारापर्यंत येत, आत डोकावत, "मौसी कब आएगी?" विचारत आणि परत फिरत. पाडव्यापर्यंत बाया जमल्या नाहीत तर खोली सोडून देऊ, असं विश्वस्तांनी बजावलं. नियम पाळून मी एक जिवंत जागा मारायला काढली होती, आणि तरीही, खरं सांगते, रात्री उशीवर डोकं टेकलं की मला वाटे, ही बया जाताना माणसं पदराला बांधून घेऊन गेली.

अखेर एका दुपारी मी फूलमतीच्या दारी गेले. उंबऱ्यावर बसले. पिशवीत भरलेली बाटली होती, तिच्यावर हात ठेवून म्हणाले, "थोडा पानी देगी क्या?"

ती चकित झाली, मग लगबगीने आत वळली. फळीवर एक स्टीलचा पेला पालथा ठेवलेला, लखलखीत. मला वाटलं, तोच काढेल. तिने शेजारचा काचेचा ग्लास विसळला. माझी नजर पाहून संकोचाने म्हणाली, "वो मौसी का है."

मी ग्लास घेतला, मान वर केली आणि सवयीने पाणी वरून ओतू लागले. फूलमतीचा हसरा चेहरा मिटला. तिने पदर सारखा केला. माझा हात थांबला. अर्धं पाणी छातीवर सांडलं. मी ग्लास खाली आणला, ओठांना लावला आणि उरलेलं सगळं पाणी सावकाश प्यायले. कोमट होतं, लाकडाचा वास येत होता. ओठ पुसले तेव्हा फूलमती म्हणाली, "और दूँ?"

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात आली, बरोबर दोघीजणी. तिच्या शेजारणीकडेही जाऊन आल्यावर तिच्या अर्जातला तो रकाना भरताना मला स्वतःचं एकही वाक्य सुचलं नाही. माझ्या वळणदार अक्षरात मी शालनचंच लिहिलं: 'घरी जाऊन पाणी प्यायले.' हेवा अजून गेलेला नाही. तिला फोन करून सगळं कबूल करायचं आहे, नंबर काढते आणि ठेवून देते.

फूलमतीकडे मात्र आता वरचेवर जाते. काळाची धूळ सगळ्यांवर बसते म्हणतात. मी दर वेळी उंबऱ्यावर बसून माझा काचेचा ग्लास ओठांना लावते, चोरून फळीकडे पाहते, आणि त्या पालथ्या पेल्यावर धूळ अजून बसलेली नसते.