कपाळावरची पाटी

मी एक कॅमेरा बोलतेय. इथे जर्मनीत, ग्योटिंगेनमध्ये कॅमेऱ्याला 'ती' म्हणतात, म्हणून 'बोलतेय'. खरं तर मी हे सांगायचं नव्हतं. "हिचा जन्म कुठला, ते बाहेर पडता कामा नये," असं आमच्या कारखान्याच्या ओस्टरलो साहेबांनी सगळ्यांना बजावलंय.

माझा जन्म पोर्तुगालचा. देओलिंदा नावाच्या मुलीने मला जोडलं. त्याची मला मुळीच लाज नाही. लाज वाटते ती पाटीची. खोक्यातून इथे आले, तर कपाळावर दोन स्क्रूंनी पाटी ठोकली: 'जर्मनीत बनवला'. इथे बनलं ते एवढंच!

आज टीलमान बाईंचा निरोप समारंभ. त्यांनी आयुष्यभर इथे कॅमेरे जोडले, आता तो विभागच बंद. आणि भेट काय? मी!

"बरंय," शेजारच्या गेर्डाबाई म्हणाल्या. "काम काढून घेतलं, आता फोटो काढायला वेळच वेळ!"

टीलमान बाई हसल्या. रोल भरायला त्यांनी माझं खालचं झाकण उघडलं आणि हसू थांबलं. आत बारीक कोरलं होतं: दे. आ.

जोडणाऱ्याने पोटात आपली आद्याक्षरं कोरायची, ही या कारखान्याची जुनी रीत. देओलिंदाला ती टीलमान बाईंनीच शिकवली होती. मागच्या वर्षी ती इथे शिकायला आली, तेव्हा दर रविवारी बाईंकडे आलुबुखाऱ्याचा केक खायची. तिकडे पोर्तुगालमध्ये फक्त कॅमेऱ्याचे पट्टे आणि पिशव्या बनणार, असं साहेबांनी बाईंना सांगितलं होतं.

"साहेब, ही माझ्या पोरीने जोडलीय."

"टीलमान बाई, आज कशाला? पेपरवाले आलेत. पाटीवर काय लिहिलंय ते वाचा."

"तेच वाचतेय. माझं काम नेलंत ते नेलंत. तिचं नावही पुसता?"

बाईंनी एप्रनच्या खिशातून पेचकस काढला. पाटी सुटली. ती त्यांनी साहेबांच्या बशीत, केकच्या शेजारी ठेवली. गेर्डाबाई खोकल्या, पण ते हसणं होतं.

माझ्या कपाळावर आता दोन भोकं उरलीत. वाईट दिसतात, पण खोटं बोलत नाहीत. तुम्ही कॅमेरा घ्याल तेव्हा कपाळ वाचून थांबू नका. पोट उघडून बघा, कारण तिथे—

"चल गं!" टीलमान बाईंनी मला उचललं. "देओलिंदाला आधी आपला आरशातला फोटो पाठवायचाय."